अर्ध्या तासाचं पाणी

"लडाखला काय, कोणीही जातं हो! ओमानचं खरं रान मी दाखवतो तुम्हाला!"

मस्कतमधल्या दार्सैतच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रमण ओक छाती पुढे काढून असं म्हणाला आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याचं काय झालं, बायकोची, म्हणजे सुगंधाची, धाकटी बहीण रेवा आणि तिचा नवरा आशुतोष मार्चच्या सुट्टीत पुण्याहून आले होते. म्हणजे रमणचे साडू. या साडूंनी तीन वर्षांपूर्वी स्वतः गाडी हाकत लडाख केलं होतं. केलं तर केलं! पण तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, वरणभाताला खारदुंगला यायचा आणि मठ्ठ्यापर्यंत पँगाँग! रमण बावीस वर्षं ओमानात, रुवीतल्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. सासरच्या एकाही माणसानं त्याला कधी विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू काय पाहिलंस? एकदा, फक्त एकदा, साडूच्या तोंडून "वा रमणराव, मानलं तुम्हाला!" ऐकायचं, एवढंच बिचाऱ्याला हवं होतं.

तीन दिवस, सहाशे किलोमीटर, रुस्ताकवरून हजरच्या डोंगरात. भाड्यानं भलीमोठी प्राडो आणली.

"मॅप लावू का?" आशुतोषरावांनी विचारलं.

"मॅप कशाला? तळहातासारखा पाठ आहे मला हा मुलूख!"

(खरं सांगायचं तर रमण या डोंगरात एकदाच गेला होता, पंधरा वर्षांपूर्वी, कंपनीच्या पिकअपमध्ये. आणि अख्खा रस्ताभर घोरत होता!)

पण नशीब जोरावर होतं. डांबरी रस्ता संपला, कच्चा चढ लागला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला हजार फूट काहीच नाही! रेवाचे डोळे मिटलेले, आशुतोषरावांचा हात खिडकीवरच्या कडीला घट्ट. मोबाइलची रेंज गेली. दोन तास माणूस दिसलं नाही, नुसत्या शेळ्या. त्याही गाडीकडे अशा बघत होत्या, की यांना घरी कोणी विचारत नाही का!

"जबरदस्त आहे हो," आशुतोषराव कसेबसे म्हणाले. रमणला गुदगुल्या झाल्या. अजून "मानलं" आलं नव्हतं, पण वाटेत होतं.

साडेनऊच्या सुमाराला डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं गाव आलं. खजुराची झाडं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि मधून खळाळणारा फलज, म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. पाट बघितला मात्र आणि रमणमधला गुहागरकर उसळून उठला!

"यशश्री," त्यानं लेकीला हाक मारली, "ते कलिंगड आण! पाटाच्या पाण्यात गार केलेलं कलिंगड म्हणजे काय, ते पुण्याच्या लोकांना कळू दे!"

पण पाट पडला उथळ, कलिंगड बुडेना. रमणनं पाहिलं, एका बाजूचं तोंड उघडं होतं आणि निम्मं पाणी खालच्या वाफ्यांकडे पळत होतं. शेजारीच फडक्यात गुंडाळलेला दगड पडला होता.

"हे बघा आशुतोषराव, पाणी वळवणं ही कला आहे. आमच्या पोफळीच्या बागेत मी डोळे मिटून करायचो!" असं म्हणत त्यानं दगड उचलला आणि त्या तोंडात गच्च बसवला. पाणी तुंबलं, कलिंगड डुलायला लागलं. मंडळींनी दडपे पोहे काढले. रमणनं पाट या विषयावर वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं. तुंबलेलं पाणी काठावरून ओसंडून खडकातून खाली दरीत जात होतं. व्याख्यानात ते कुठे दिसणार?

इतक्यात खालून एक सत्तरीचे बाबा आले. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, खांद्यावर फावडं. हातवारे करत, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत, अरबीत भडाभडा बोलायला लागले.

"काय म्हणतायत?" आशुतोषरावांनी विचारलं.

आता बावीस वर्षांत रमणचं अरबी "यल्ला" आणि "खलास" यांच्या पुढे कधी गेलंच नव्हतं. पण साडूसमोर कबूल कोण करणार?

"म्हणतायत, आमच्या गावात आलात, आनंद झाला. कॉफीची वेळ झालीय, घरी चला. फार प्रेमळ लोक हो!" असं म्हणून त्यानं कलिंगडाची चांगली जाडजूड फोड कापली आणि बाबांच्या हातात दिली.

बाबा फोडीकडे बघतच राहिले. पाहुण्याच्या हातचं टाकून कसं देणार? एका हातात फोड, एका हातात फावडं, आणि आवाज रडवेला झाला.

"बघा, भरून आलं त्यांना!" रमण म्हणाला.

"बाबा, प्लीज स्टॉप!" यशश्री ओरडली. तिला शाळेत तिसरी भाषा अरबी. "ते कॉफीचं नाही बोलत. ते म्हणतात... व्हॉट डू यू कॉल इट... पाण्याचा टर्न. एव्हरी टेन डेज त्यांना अर्धा तास पाणी मिळतं, त्यांच्या गार्लिकला. आज नऊ-चाळीस ते दहा-दहा. आणि आता दहा-पाच झालेत. वी गेव्ह इट टू द वॉटरमेलन!"

खालच्या वाफ्यांत लसणाची पात पिवळी पडून मान टाकून उभी होती. सुगंधानं डोक्याला हात लावला. रमणच्या तोंडातला पोह्यांचा घास आत जाईना की बाहेर येईना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं!

त्यानं धावत जाऊन दगड काढला. पण पाच मिनिटांत काय होणार? दहा-दहाला पुढच्या पाळीचे खल्फान हजर झाले. नासरबाबांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्यांनी, त्यांना सगळं सांगितलं. खल्फाननी कलिंगडाकडे पाहिलं, रमणकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपलं निम्मं पाणी नासरबाबांना देऊन टाकलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं हो!

"मी करतो, मी करतो!" म्हणत रमणनं फावडं घेतलं. बूट, पँट, सगळ्यासकट वाफ्यात उतरला आणि पहिल्याच घावाला बांध फोडला! पाणी लसूण सोडून वाटेवर.

"अहो," सुगंधा वरून कळवळून म्हणाली, "तुम्ही बाग शिपण्याच्या कंटाळ्यानंच मस्कतला पळून आलात ना? द्या ते त्यांच्याकडे!"

साडूसमोर! आशुतोषराव मात्र हसले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरले आणि दोन्ही हातांनी चिखल लावून बांध बुजवायला लागले. रमणला तेच जास्त लागलं.

काम झाल्यावर नासरबाबांनी खरोखरच घरी नेलं. कॉफी दिली, खजूर दिले. रमणची मान वर होईना. निघताना बाबांनी विचारलं, कुठले तुम्ही? यशश्रीनं तोंड उघडायच्या आत रमण घाईघाईनं म्हणाला, "दुबई!"

"नो बाबा, दार्सैत," म्हणत लेकीनं स्वच्छ अरबीत पत्ता सांगून टाकला. नासरबाबा खूश! जवळचीच माणसं म्हणजे! मग पुढच्या पाळीला या की, मला गुडघ्यामुळे वाकवत नाही.

"इन्शाल्ला," रमण म्हणाला. एसी बिघडलेल्या गिऱ्हाइकांना बावीस वर्षं तो याच शब्दावर परतवत आला होता.

बाबांनी त्याचा हात धरला, सोडेचनात. यशश्री म्हणाली, "बाबा, ते विचारतात, इन्शाल्ला म्हणजे किती वाजता?"

पुढची पाळी सोमवारी आली. रमणनं ऑफिसात सासूबाईंना आजारी पाडलं, घरी ऑफिसात लवकर जायचंय म्हणून सांगितलं, आणि पहाटेच निघाला. दहाच्या सुमाराला लसणात घोटाभर चिखलात उभा असताना फोन वाजला. चढावरच्या त्या गावात एका दांडीची का होईना, पण रेंज होती मेली! पुण्याहून आशुतोषराव.

"काय रमणराव, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? ऑफिसात!"

तेवढ्यात मागून नासरबाबा त्याच्यावर खेकसले, कारण पाणी पुन्हा भलतीकडेच चाललं होतं. पुण्यापर्यंत ते स्वच्छ ऐकू गेलं.

"बरं बरं," आशुतोषराव म्हणाले, "मग साहेबांना माझा सलाम सांगा."

रमणनं सांगितला. दुसरं काय करणार!