गळतीमास्तर समुद्रात उतरतात

"मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय!" असं दुकानाच्या पायरीवर बायकोला ठणकावून गळतीमास्तरांनी दाराला हात घातला. दारावर 'ढकला' असं लिहिलं होतं. पण लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांतले मास्तर नव्हेत. त्यांनी आधी ओढून पाहिलं.

मास्तर धंद्याने प्लंबर. भिंतीला कान लावून आतली गळती शोधायचे, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलेलं. उभा जन्म पाणी कुठून निसटतंय हे शोधण्यात गेल्यामुळे माणसांकडेही ते त्याच नजरेने बघत. बेकरीवाला गोड हसला की मास्तर पाव दाबून बघायचे!

अशा माणसाला समुद्रात उतरायचा पोशाख घ्यायची बुद्धी झाली ती बायकोमुळे. बाई गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि एकदम सर्फिंग शिकायला लागल्या. फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याला यायचं, दर रविवारी! त्या दर रविवारी मास्तरांना बोलवायच्या आणि मास्तर दर रविवारी कुणाचा तरी नळ पुढे करायचे. शेवटी बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, या रविवारी आलात तर आलात. नाहीतर मी पुन्हा कधी विचारणार नाही." आवाज चढवला असता तर मास्तरांनी कानाआड केलं असतं. ती शांतता ऐकून मात्र ते पोशाख घ्यायला निघाले.

दुकानातल्या विक्रेतीने तीन वेटसूट टेबलावर मांडले. काळे, रबरी, अंगाला घट्ट बसणारे.

"हा स्वस्त, हा महाग, आणि हा मधला. इथल्या पाण्याला मधला अगदी पुरेल."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. स्वस्त ठेवलाय लाजवायला, महाग ठेवलाय घाबरवायला. म्हणजे हिला मधलाच गळ्यात मारायचाय!

"जाडी किती?"

"छातीला तीन मिलिमीटर, हातापायांना दोन."

"का? हातापायांचा एक मिलिमीटर कुणी खाल्ला?"

"हात हलायला हवेत ना, काका."

"आणि त्या महागड्यात काय जास्त आहे?"

"शिवणींना आतून सगळीकडे पट्टी आहे. पाणी आणखी कमी शिरतं."

"म्हणजे मधल्यात पाणी शिरतं हे तुम्ही कबूल करताय!" मास्तरांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या.

अखेर घेतला मधलाच, कारण सांधे बंद करायचं काम आपल्याला घरी फुकटात करता येतं, असा मास्तरांचा हिशेब! माप मात्र त्यांनी हट्टाने एक नंबर मोठं घेतलं. विक्रेती सांगत होती, "काका, हा घट्टच हवा." मास्तर बायकोच्या कानात पुटपुटले, "रबर वाचवतायत, दुसरं काय!"

शनिवारी मास्तर तो सूट घालून बाथरूममधल्या टबात बसले आणि दुसऱ्याच क्षणी ओरडले, "गळतोय! मानेतून गळतोय!"

तशाच ओल्या अंगाने त्यांनी दुकानात फोन लावला. विक्रेती म्हणाली, "थोडं पाणी आत जाणारच, काका. ते अंगाच्या उबेने गरम होतं आणि तेच तुम्हाला गरम ठेवतं."

मास्तरांनी फोनवर हात ठेवला. "ऐकलंस? गरम पाणी म्हणे मीच तयार करायचं! सूट विकला यांनी, आणि गीझर मी!"

"त्या बरोबर सांगतायत," बाई म्हणाल्या.

"तुला किती कमिशन मिळालं?"

बाई आपली फळी पुसत राहिल्या.

रविवारी सकाळी मास्तर घरूनच सूट चढवून निघाले. त्याआधी त्यांनी दार लावून कारभार उरकला होता. मनगटांना आणि घोट्यांना फुटक्या पाइपाला गुंडाळायची रबरी टेप, मानेभोवती तीच जरा सैल, आणि पाठीवरच्या चेनवर आरशात बघत, लांब नळीच्या बंदुकीने, फटी बुजवायच्या सिलिकॉनची जाड रेघ! नजर पोचत नाही तिथला सांधा भरावा तर मास्तरांनीच.

"वास कसला येतोय?" गाडीत बाईंनी विचारलं.

"नवं रबर आहे."

बाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. या घरात संशय घ्यायचा मक्ता एकट्या मास्तरांचा नव्हता.

किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या ताई वाट बघत होत्या. मास्तर ऐटीत पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती! पाण्याचा थेंब आत नाही! "बघा! याला म्हणतात काम!" असं म्हणून ते फळीवर पोट टेकायला वाकले. आणि घोटाळा झाला. ढगळ सुटात कोंडलेली सगळी हवा चढाला लागली आणि पृष्ठभागात जाऊन बसली. मास्तरांचा मागचा भाग फुग्यासारखा वर आला, पाय सुटले आणि डोकं पाण्याखाली गेलं!

"वा! पहिल्याच दिवशी डुबकी!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाईंना मात्र नवरा ओळखीचा होता. त्यांनी झेप घालून त्याची मान वर धरली. ताईंनी चेन ओढली. चेन ढिम्म!

"हिला काय लावलंय?"

"सिलिकॉन," मास्तर खोकत म्हणाले. "उत्तम प्रतीचं."

ताईंनी कमरेची कात्री काढली आणि फुगा जिथे होता तिथेच नेमका छेद दिला. जो आवाज झाला तो वर्णन करण्यासारखा नाही. किनाऱ्यावरची दोन कुत्री उठून बसली.

"गळतंय! गळतंय!" मास्तर बोंबलले.

"गप्प राहा जरा. थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा हात धरून ठेवला होता.

मास्तर थांबले. गार पाणी पाठीवर चढलं, काटा आला, आणि मग हळूहळू खांद्यांपाशी ऊब जाणवू लागली. मास्तरांनी डोळे बारीक केले. पाण्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. बायकोने हाताला धरून समुद्रात उभं केलंय आणि आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांना मान्य करावंच लागलं. मग ते फळीवर दोनदा चढले, दोनदा पडले आणि पोरासारखे हसले.

दुपारी बाई म्हणाल्या, "चला, बाहेर."

"तू हो पुढे."

"का? आता काय झालं?"

मास्तरांनी चारीकडे बघून आवाज खाली आणला. "अगं, तो छेद... दुसऱ्यांदा चढताना वाढला. पार वाढला."

बाईंनी त्यांच्या मागे जाऊन पाहिलं. मग फळी आडवी धरली आणि त्यांच्या पाठीला चिकटून उभ्या राहिल्या. दोघं पावलाला पाऊल लावत पाण्यातून बाहेर निघाली.

"बघा, या वयात किती प्रेम!" किनाऱ्यावरच्या एक बाई नवऱ्याला ढोसत म्हणाल्या.

"ऐकलंत?" मागून आवाज आला. "पुढच्या रविवारी याल?"

मास्तर लाजले. तरीही खुंटा हलवून बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. "येईन. पण खरं सांग, मागून सगळं नीट झाकलंयस ना?"

"तुमचा विश्वास नाही?"

"आहे," मास्तर म्हणाले आणि मागे हात लावून पाहिला.