पाचशे चाळीस ग्रामची तूट

आबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. असं आबांचंच म्हणणं. एकतीस वर्षं त्यांनी एका गिरणीच्या फाटकावर वजनकाट्याची खोली सांभाळली होती. ट्रक काट्यावर चढला की आबा आधी आकड्याकडे बघायचे आणि मग ड्रायव्हरच्या तोंडाकडे. एकदा माल न्यायला आलेल्या एका ड्रायव्हरनं रिकामा ट्रक तोलताना सीटमागे दोन धष्टपुष्ट मेहुणे झोपवले होते. माल भरताना मेहुणे उतरणार आणि त्यांच्या वजनाचा माल फुकट जाणार! आबांनी दोघांना कानाला धरून खाली उतरवलं. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. पहिला अर्धा भाग आबा म्हणत, उरलेला आजी भांडी घासता घासता पूर्ण करायच्या.

निवृत्त होताना गिरणीनं त्यांना पितळेचं अर्ध्या किलोचं माप भेट दिलं होतं. आबा ते रोज फडक्यानं पुसायचे. घरात एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटाही त्यांनी आणून ठेवला होता. त्यावर साखर तोलली जायची, रद्दी तोलली जायची, आणि पाहुणा बॅग घेऊन आला तर येताना एकदा आणि जाताना एकदा तीही.

अशा घरात सूनबाईंचा कॉम्प्युटर बिघडला.

खरं तर बिघडला नव्हता. सूनबाई नकाशे काढायच्या. जुनं ऑफिस बंद पडून आठ महिने झाले होते आणि आता कुठे एका कंपनीत घरून करायचं काम मिळत होतं. अट एकच. तीन पडदे हवेत. एकावर वरून काढलेला फोटो, दुसऱ्यावर जुना नकाशा, तिसऱ्यावर नवा. गुरुवारी चार वाजता कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवर तिन्ही पडदे चालू बघणार होत्या. नाही दिसले तर यादीतलं पुढचं नाव. सूनबाईंनी तीन पडदे मांडले. दोन पेटले, तिसरा काळा तो काळाच.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. चाळिशीचा, कपाळावर चष्मा, बोलण्यात घाई. त्यानं सांगितलं की आतलं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, दोनच पडदे ओढतं. नवं कार्ड बसवू, पण ते या डब्यात मावतंय का, याच्या विजेवर चालतंय का, हे दुकानात नेऊन तपासावं लागेल.

डबा घराबाहेर जाणार हे ऐकताच आबा ताठ बसले.

त्यांनी काटा आणला. डबा त्यावर चढवला. पंख्यानं चिठ्ठी उडत होती, ती डब्याच्या डोक्यावर दाबून ठेवून त्यांनी आकडा वाचला. नऊ किलो सहाशे चाळीस. जुनं कार्ड काढायला लावून ते वेगळं तोललं, दोनशे नव्वद. दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतलं नवं तोललं, चारशे दहा. म्हणजे परत येताना डबा एकशेवीस ग्राम जड हवा. हे सगळं चिठ्ठीवर लिहून त्यांनी दुरुस्तीवाल्याची सही घेतली. तो हसत म्हणाला की एवढा कागद तर त्याच्या लग्नातही झाला नव्हता.

"हसा," आबा म्हणाले. "ड्रायव्हरही हसायचे." आणि सीटमागच्या मेहुण्यांची गोष्ट त्याला पहिल्यापासून ऐकवली.

त्याच संध्याकाळी आबांना पितळेचं माप सापडेना. कपाट पाहिलं, गादीखाली पाहिलं, आजींच्या पिशव्या उलट्या केल्या. दिवसभरात घरात बाहेरचा माणूस कोण आला होता? एकच. आबांनी तोंडातून शब्द काढला नाही. चोराला सावध करायचं नसतं. पण रात्रभर ते कुशी बदलत राहिले आणि आजींना झोप लागू दिली नाही.

गुरुवारी दुपारी दोन वाजता दुरुस्तीवाला डबा घेऊन आला. कार्ड बसलं होतं, दुकानात तपासून झालं होतं. तो तारा जोडायला वाकला, तोच आबांनी काटा पुढे सरकवला.

आकडा आला नऊ किलो दोनशे वीस.

आबांनी चष्मा पुसला. डबा उतरवून पुन्हा चढवला. तेवढाच. हवा होता नऊ सातशे साठ. पाचशे चाळीस ग्राम गायब! सकाळपर्यंत 'तुम्ही' असलेला दुरुस्तीवाला त्या क्षणी 'तू' झाला.

"आतलं काय काढलंस?"

"काही नाही हो आबा. धूळ साफ केली."

"अर्धा किलो धूळ? डबा आहे का वाळूचा ट्रक?"

सूनबाईंनी घड्याळाकडे बघत हात जोडले. आबा, आधी जोडू द्या, भांडण मग करा. पण आबांना आता पुरावा हवा होता. दुरुस्तीवाल्यालाही राग आला. चोर म्हणवून घेऊन तो दाराबाहेर पडणार नव्हता. त्यानं डबा उघडला, जमिनीवर चादर अंथरली आणि एकेक भाग काढून काट्यावर ठेवू लागला. पंखा तोलला, कार्ड तोललं, मूठभर स्क्रू वाटीत घालून तोलले. आबा मग वाटीचं वजन वजा करत बसले. सगळ्याची बेरीज पुन्हा नऊ दोनशे वीस. त्यातून कुणालाच काही कळलं नाही. फक्त साडेतीन वाजले.

डबा भराभरा बंद झाला. दुरुस्तीवाल्यानं दोन पडद्यांच्या तारा जोडल्या आणि हात धुवायला मोरीत गेला. सूनबाई आत केस विंचरत होत्या. टेबलामागे आबा एकटे. तिसरी तार लोंबत होती. आणि डब्याच्या पाठीवर, वरच्या बाजूला, आबांना एक काळं टोपण दिसलं.

झाकलंय म्हणजे लपवलंय. आबांनी नखानं टोपण उपटलं. आत अगदी तसंच भोक होतं, ज्यात ती तार बसते. असं होय! खरं भोक झाकायचं आणि गिऱ्हाईकाला भलतंच दाखवायचं! आबांनी तार त्यात घट्ट बसवली, टोपण पुरावा म्हणून खिशात टाकलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्चीत येऊन बसले.

कॉम्प्युटर सुरू झाला. दोन पडदे पेटले. तिसरा काळा.

चारला बारा मिनिटं होती. दुरुस्तीवाल्याला पडद्याचा संशय आला, सूनबाईंना कार्डाचा आणि आबांना अर्थातच दुरुस्तीवाल्याचा. त्यानं पडद्याचं बटण दाबून पाहिलं. डबा बंद करून पुन्हा सुरू केला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. सूनबाई नुसत्या त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत होत्या. ते बघून आबांनी खिशातलं टोपण आणखी खोल सारलं.

शेवटी दुरुस्तीवाला टेबलाखाली शिरला. तिथून त्याचा आवाज आला.

"इथलं टोपण कुणी काढलं? नवं कार्ड बसलं की हे भोक बंद असतं. चुकून कुणी तार खुपसू नये म्हणून मी मुद्दाम टोपण लावलं होतं."

मग सूनबाईंनी सासऱ्यांपुढे हात पसरला. "आबा, द्या."

आबांनी खिशातून टोपण काढून दिलं. काट्यावर न चढताही आपलं वजन उतरल्याचं त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

तार खाली, कार्डाच्या भोकात बसली. तीन मिनिटं उरली होती. तिसरा पडदा लुकलुकला आणि पेटला. सूनबाईंनी तपासायला म्हणून कॅमेऱ्याचं चित्र त्याच पडद्यावर ओढलं, आणि सगळ्यांना आपलीच खोली दिसली. पुढे सूनबाई, मागे उभे आबा. आणि आबांच्या खांद्यामागे खिडकी. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला काहीतरी टेकवून ठेवलं होतं. पिवळं, गोल, चकचकीत.

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग वळून खिडकीकडे. मग आजींकडे.

"मी ठेवलंय ते," आजी म्हणाल्या. "मंगळवारी डबा न्यायच्या वेळी वरून उतरवलं. तुम्हीच नाही का चिठ्ठी उडू नये म्हणून त्यावर ठेवलं होतं?"

"मग दोन दिवस मी शोधतोय, तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय शोधताय ते सांगितलंत कुठे? नुसत्या पिशव्या उलट्या करत होतात."

दुरुस्तीवाला टेबलाखालून बाहेर आला. गुडघे झटकले. पडदा पाहिला, खिडकी पाहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आबा, ट्रक तोलताना मेहुणे खाली उतरवायचे असतात ना?"

चार वाजले. कंपनीच्या बाई आल्या, तिन्ही पडदे पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून सुरू करा म्हणाल्या. सूनबाई मागे वळून हसल्या तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून चिठ्ठी दुरुस्त करत होते. पाचशे चाळीसमधून पाचशे वजा. तूट, चाळीस ग्राम. धूळ. खाली त्यांनी वळणदार सही केली आणि चिठ्ठी दुरुस्तीवाल्याला दिली. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं त्याला पुन्हा 'तुम्ही' करून बजावलं.

चहा झाला. दुरुस्तीवाला चपला घालून निघाला. जिना उतरू लागला तोच आबांनी कठड्यावरून वाकून त्याला हाक मारली.

"ती धूळ टाकली नसलीत तर घेऊन या. एकदा तोलून बघतो."