बॉनेटवरचा हात

हमीदचाचा जुनी गाडी बघायला गेले, की आधी तिला ताप आहे का ते बघतात. लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात बॉनेटला लावायचा, डोळे मिटायचे आणि पत्रा जरा कोमट लागला की जाहीर करायचं, "गरम गाडी झूट बोलती." मग जवळच्या सावलीत सतरंजी अंथरायची आणि गाडी गार होईपर्यंत बसून राहायचं. दोन तास, अडीच तास. विकणारा चिडो, विनवण्या करो, चाचा उठत नाहीत.

थकलेलं डिझेल इंजिनही एकदा तापलं की तरुणासारखं सुरू होतं. त्याचं खरं वय गार असताना कळतं. हे मला चाचांनी शिकवलं. त्याआधीची माझी अक्कल सांगायला हरकत नाही. मी शाळेत भूमिती शिकवतो. सोयगावला माझा धाकटा भाऊ दत्तू मिरची पिकवतो. भाड्याची गाडी कधीच वेळेवर येत नाही आणि पोत्यातली मिरची घाम धरते, म्हणून त्याला जुना का होईना, स्वतःचा पिकअप हवा होता. "शहरात मी आहे ना, मी बघतो," असं मी छाती पुढं काढून सांगितलं. पहिला पिकअप मी एकट्यानंच पाहिला. चारही टायरांना लाथा मारल्या, आरशात भांग पाहिला, हॉर्न वाजवला. हॉर्न फार सुरेख होता. तसं दत्तूला कळवलं.

"दादा, मिरची काय हॉर्नमधी भरायची व्हय?" तो म्हणाला.

मग मी निमूटपणे हमीदचाचांकडे गेलो. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला ते एकटेच राहतात. क्रांती चौकाजवळच्या एका गॅरेजात त्यांची उभी हयात गेली. चाची गेल्या वर्षी वारल्या, मुलगा पुण्याला. चाचांनी माझं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "इतवार कू निकलेंगे, मास्टरसाब."

तेव्हापासून सहा रविवार आम्ही सहा पिकअप पाहिले. इंजिन चालू असताना चाचा तेलाचं झाकण काढून इंजिनच्या त्याच तोंडावर उलटं ठेवायचे. ते थडथड उडालं की म्हणायचे, "बुढा हो गया बेचारा." मीटरकडे बघायचेच नाहीत, क्लचच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय ते बघायचे. "मीटर कू नक्को पूछो, रबर कू पूछो." मी शेजारी उभा राहून जाणकारासारखी मान हलवायचो. एकदा त्यांनी तेलाचं बोट मला दाखवायला पुढं केलं, तर मी भक्तिभावानं माझं बोट त्याला लावलं आणि नंतर शर्टाला पुसलं. त्या शर्टावरून घरी जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण गंमत अशी, की सहाही गाड्या गरम निघाल्या. म्हणजे दर वेळी सतरंजी आणि चाचांचा थर्मास. त्यात बरोबर दोन कप चहा. "हाथ कू दोच कप का अंदाज है," ते एकदा म्हणाले, "एक कप की चाय मेरे से बनतीच नै." मग गप्पा. घाटात ब्रेक गेलेला ट्रक, चाचींच्या हातचं चिंचेचं खट्टं, दुरुस्त करून दिलेल्या गाड्यांचे नंबर. त्यांना अजून पाठ आहेत. दोन तासांनी गाडी गार व्हायची, कुंथत सुरू व्हायची, निळा धूर सोडायची आणि चाचा हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचे, "चलो, अगला इतवार."

शेवटी दत्तूचा धीर सुटला. "दादा, सहाच्या सहा गरम कशा? तू फोन करून तर जात नाय ना?"

"म्हणजे काय! आदल्या दिवशी कळवतो. दहाला येतो, गाडी तयार ठेवा म्हणून."

पलीकडून दत्तू ओरडला, "आरं, मग ते तापवूनच ठेवणार की!"

माझा तेव्हा जसा चेहरा झाला, तशा चेहऱ्याच्या पोरांना मी वर्गात बाकावर उभं करतो. पण फोन ठेवल्यावर आठवलं: दर शनिवारी संध्याकाळी चाचा स्वतः दारात येऊन विचारायचे, "फोन किये ना, मास्टरसाब? बगैर बताये किसी के घर नक्को जाना." उभी हयात गाड्यांत गेलेला माणूस. त्याला हे कळत नव्हतं?

सातव्या रविवारी मी फोन केला नाही. "फोन किये ना?" या प्रश्नाला खोटंच हो म्हटलं होतं. थंडीचे दिवस, सकाळी सातलाच चाचांना घेऊन निघालो. विकणारा तोंडात ब्रश धरून बाहेर आला. पिकअप उघड्यावर उभा होता, बॉनेटवर दव साचलेलं. चाचांनी खाली वाकून चासी पाहिली, दार उघडून रबर पाहिलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा पडला. गाडी चांगली होती. तेवढं मला आता चेहऱ्यावरून कळत होतं.

त्यांनी बॉनेटला हात लावला. डोळे मिटले. बराच वेळ हात तसाच ठेवला. काढला तेव्हा दवात अख्खा पंजा उमटला होता.

"गरम है," चाचा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मला राग यायला हवा होता. राग नाही आला, लाज वाटली. सहा रविवार त्यांच्या थर्मासातला दुसरा कप मी प्यायलो होतो आणि समजत होतो, की आम्ही गाडी बघायला आलोय.

मीही हात लावला. बोटं गारठली.

"हो चाचा," मी म्हटलं. "चांगलीच गरम आहे."

विकणारा ब्रश तोंडातच ठेवून आमच्याकडे बघत राहिला. मी सतरंजी अंथरली. तेवढ्यात दत्तूचा फोन आला. "दादा, झाली का बघून? जमतीय का?"

"गाडी चांगली वाटतीय," मी म्हटलं, "पण गरम आहे रे. गार व्हायला दोन तास लागतील."

चाचांनी दोन कप भरले.