दोनातली एक वाटी

नझीहावर अन्याय होतो आहे, हे नझीहाला स्वतःला कधीच जाणवलं नव्हतं. ते जाणवून घेण्याचं काम तिचा नवरा मोंजी लग्न झाल्यापासून एकटाच करत होता. रमजानचा शेवटचा आठवडा आला की त्याची आई कोठीतलं तांब्याचं मोठं पातेलं बाहेर काढायला लावायची आणि न चुकता थोरल्या सुनेच्या, बशीराच्या, हवाली करायची. मधली सून सलूहा कांदे चिरायची. धाकटी नझीहा पडली राजधानीची, ट्युनिसची, म्हणजे या स्फाक्स शहराच्या हिशेबाने परदेशीच. तिच्या वाट्याला भांडी पुसायचं फडकं यायचं.

आता पातेल्यावरून कोणी एवढं पेटतं का, असं स्फाक्सबाहेरच्या माणसाने खुशाल विचारावं. त्या पातेल्यात ईदचा शरमूला शिजायचा. मनुका आणि कांदे तासन्‌तास आटवून केलेली ती काळपट, गोड, मसालेदार चटणी ईदच्या सकाळी खाऱ्या माशासोबत खाल्ली नाही तर इथे ईद झाल्यासारखी वाटत नाही. तिच्या वाट्या साऱ्या गल्लीत जातात आणि त्यावरून घराची पत ठरते. पातेलं जिच्या हाती, ती घरची कर्ती.

शिवाय मोंजीचा संताप नुसत्या तत्त्वाचा नव्हता, जिभेचाही होता. नझीहा दर रमजानला घरच्यापुरता बरणीभर शरमूला पुढे ठेवायची आणि तो मोंजी बोटं चाटत खायचा. मग ईदला आईकडे आला की पहिला घास घेऊन सगळ्यांदेखत म्हणायचा, "वहिनी, छान झालाय. पण आमच्या घरच्याची सर नाही." बशीरा मान खाली घालून वाढत राहायची. नझीहा नेमकी तेव्हाच पाणी आणायला उठायची.

यंदा मात्र त्याने ठरवलं की बस झालं. तो बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासणाऱ्या विभागात होता आणि तिथल्या पद्धतीवर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता. माणसासमोर सगळ्या चवी एकदम ठेवल्या तर तो भिडेखातर बोलतो, पण दोनच ठेवून विचारलं, यातली कुठली, की खरं बोलतो. अशा जोड्या लावत गेलं की पहिला कोण आणि शेवटचा कोण हे आपोआप कळतं. तिघी सुनांनी थोडा थोडा शरमूला करावा, चाखणाऱ्यांना कुठला कुणाचा ते सांगू नये, आणि जिचा पहिला येईल तिला पातेलं द्यावं, असं त्याने आईला सुचवलं. आईने मनुका निवडता निवडता त्याच्याकडे पाहिलं आणि ती बरं म्हणाली.

नझीहा मात्र हे ऐकून सबबी शोधू लागली. डोकं दुखतंय, मनुका चांगल्या मिळाल्या नाहीत, भांडी पुसण्यात तिला कसलाच कमीपणा वाटत नाही, असं सगळं तिने सांगून पाहिलं. "अहो, मी हात जोडते, राहू द्या ना ते पातेलं," ती शेवटी म्हणाली. मोंजीला वाटलं, बिचारी दबून गेली आहे, आणि त्याचं रक्त आणखीच तापलं.

मोंजीच्या दोन्ही थोरल्या भावांनी रागरंग ओळखून संध्याकाळी उपास सोडल्याबरोबर कॉफीचं दुकान गाठलं. अंगणात चाखायला बसले तिघे: आई, तिजानी मामा आणि शेजारचा अम्मार, जो मासेमारीची जाळी विणायचा आणि फुकटच्या खाण्याला कधी नाही म्हणायचा नाही. तिघी सुनांनी स्वयंपाकघरात आपापला शरमूला एकेका वाटीत काढला होता. एक वाटी पांढरी, एक निळी, एक पिवळी. कुठली कुणाची हे फक्त त्या तिघींना ठाऊक होतं आणि त्या दारात उभ्या होत्या.

पहिली जोडी पांढरी आणि निळी. तिघांपैकी दोघांना निळी आवडली. मग निळी आणि पिवळी. त्यात पिवळी जिंकली. मोंजी खूष झाला. निळी पांढरीच्या वर, पिवळी निळीच्या वर, म्हणजे पिवळी सगळ्यांच्या वर हे उघडच होतं. केवळ रीत म्हणून त्याने पांढरी आणि पिवळी समोर ठेवल्या. दोघांनी पांढरी उचलली.

"असं होऊच शकत नाही," मोंजी म्हणाला.

"झालं की," मामा म्हणाले.

दारातून सलूहाने विचारलं, "भावजी, म्हणजे मी पहिली आले का शेवटची?"

प्रत्येक वाटी एकीला हरवत होती आणि एकीकडून हरत होती. दोष पद्धतीचा असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तो चाखणाऱ्यांचाच असणार. त्याने सगळ्यांना चुळा भरायला लावल्या, पावाचा तुकडा चघळायला लावला आणि जोड्या पुन्हा पहिल्यापासून लावल्या. निकाल तसूभर हलला नाही. मग त्याने मामांना सुनावलं की तिखटाशिवाय तुम्हाला काही कळत नाही, आणि अम्मारला सांगितलं की तुझी जीभ जाळ्याच्या दोऱ्यासारखी झाली आहे. अम्मार पायात चपला घालू लागला. "उपास सोडून उठलेल्या माणसाला घरी बोलवायचं आणि त्याच्या जिभेला नावं ठेवायची," तो म्हणाला. "आमच्यात असं करत नाहीत." मामाही उठले. आईने दोघांना कसंबसं परत बसवलं आणि मोंजीकडे वळली.

"यांच्या जिभा वाईट. तुझी तर पगारी आहे ना? मग तूच सांग."

मोंजी याचीच वाट पाहत होता. त्याने ऐटीत पाणी प्यायलं, पिवळीतला एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. कांदा कच्चा, मनुका करपलेल्या, आणि दालचिनी कुणी मुठीने टाकली का, असं त्याने विचारलं. निळी त्याला बरी वाटली. मग त्याने पांढरी चाखली आणि त्याचा चेहरा फुलला.

"हीच. डोळे मिटून सांगतो, हा माझ्या घरचा शरमूला. आता तरी पटलं? नझीहा, पुढे ये."

नझीहा पुढे आली नाही. सलूहाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि ती आत पळाली.

"पांढरी वाटी बशीराताईंची आहे," नझीहा हळूच म्हणाली. "पिवळी माझी."

"काहीतरीच. मी घरी दर वर्षी खातो तो हाच."

"हाच आहे. दर वर्षी ताई मला या पातेल्यातलाच बरणीभर देतात. पहिल्या रमजानला मी केला होता, तेव्हा तुम्ही तो मांजरापुढे ठेवलात. मांजरानेही खाल्ला नाही."

मोंजीने आईकडे पाहिलं. आईला सगळं ठाऊक होतं हे तिच्या तोंडावरून कळत होतं. मामांनाही ठाऊक असावं. मग इतकी वर्षं गप्प बसलेली बशीरा दारातून अंगणात आली. ती चिडली होती आणि तिचा चिडण्याचा हक्क मोठा होता.

"भावजी, एकाच पातेल्यातला शरमूला. तुमच्या घरी बोटं चाटायची, आणि इथे चारचौघांत मला सांगायचं, सर नाही. दर ईदला. नझीहाची लाज राहावी म्हणून मी ऐकून घेतलं. आता यंदा पातेलं मला नको."

तिने ओढणीने हात पुसले आणि ती खुर्चीवर बसली. तिला स्वयंपाकाच्या दिवसांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आत ढीगभर कांदे आणि मनुका पडल्या होत्या, ईद तोंडावर आली होती आणि गल्लीत वाट्या जायच्या होत्या. मोंजी म्हणाला की एवढ्यातेवढ्यावरून असं रुसू नये. नझीहाने बशीराला पाणी आणून दिलं आणि तिच्या शेजारी बसली.

"मग शिजवणार कोण?" मोंजीने विचारलं.

"वहिनी शिकवेल, बसल्या जागेवरून," आई म्हणाली. "हात तुझे. कांदे चिरतोस का पातेलं ढवळतोस?"

"तिसरं काही नाही का?"

"दोनच ठेवले की माणूस खरं बोलतो म्हणे."

मोंजीने कांदे उचलले. डोळ्यांत पाणी तर केव्हाचंच आलं होतं, निदान त्याला कारण मिळालं.