सोजराबाईसाहेबांनी सेकंड शिफ्टला राक्षस मारिला, त्याची हकीकत

हे वर्तमान घडले तसे, आणि जागोजाग त्याहून बरे करून लिहिले आहे. वाचणाराने फार चौकशी करू नये.

मौजे भोसरीचे राजश्री सोनबा चाकणच्या कारखान्यात पस्तीस वर्षे मशीन चालवून रिटायर जाहले आणि घरी येऊन मुके जाहले. रोज पहाटे खुणेनेच डबा मागावा, बसने कंपनीच्या गेटावर जाऊन उभे राहावे आणि वॉचमनने गोड बोलून परत धाडावे, ऐसा महिना गेला. कुटुंब सोजराबाईसाहेब बहुत कष्टी जाहल्या. म्हाताऱ्याने घरात रमावे आणि चार शब्द बोलावे, इतकीच त्यांची मसलत.

मग हिंजवडीच्या छावणीत चाकरीस असलेली नात प्राजक्ता, तिजकडे कुमक मागितली. तिने तळहाताएवढे खेळयंत्र रवाना केले आणि दोन खेळांची शिफारस केली. एक जुन्या ढंगाचा, ज्यात ठिपक्याठिपक्यांच्या शिपायाने गावोगाव फिरावे आणि राक्षसाशी पाळीपाळीने लढावे. दुसरा कोड्याचा, ज्यात एका रंगाचे तीन खडे जुळविताच शिपाई तलवार हाणतो.

"आजी, आजोबांना कोड्याचाच दे गं, सोप्पाय," ऐसे नातीने बजाविले. परंतु आपणांस सर्वांहून जास्त कळते, ही बाईसाहेबांची जन्माची खोड. "खडे निवडायला त्ये काय तांदूळ हायती? त्यांना राक्षसच पायजे," ऐसा हुकूम सुटला.

सोनबा कंपनीचा शर्ट चढवून सकाळी सातला बसले आणि दुपारी तीनच्या ठोक्याला, राक्षस अर्धमेला असता, यंत्र तसेच चालू ठेवून झोपावयास गेले. रात्रीत बॅटरी गतप्राण जाहली, आठ तासांची मोहीम बुडाली, आणि सकाळी शिपाई पुन्हा पहिल्या गावच्या वेशीत उभा. सोनबांनी पुन्हा खुणेने डबा मागितला.

तेव्हा यंत्राखाली बाईसाहेबांस चिठ्ठी सापडली: 'राक्षस निम्मा झाला. डावीकडून मारतो. औषधं सात शिल्लक, जपून वापरणे.' पस्तीस वर्षांत ज्याने मशीन कधी बंद केले नाही, पुढच्या शिफ्टच्या गड्याच्या हाती चालतेच सोपविले, तो येथेही रिलीव्हरचीच वाट पाहत होता!

"बसा खाली," बाईसाहेबांनी फर्माविले. "आजपासनं सेकंड शिफ्ट माजी."

सोनबांनी डबा ठेविला आणि मोहीम नव्याने मांडिली, आणि औषधे सात राखून राक्षस पुन्हा निम्म्यावर आणिला. तीनला बाईसाहेब हजर जाहल्या, तो सोनबांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे बोट दाखविले. मग बाईसाहेबांनी नऊवारीखाली सोनबांचेच जुने सेफ्टी शूज चढविले, तेव्हा शिफ्टचा चार्ज, म्हणजे यंत्राचा ताबा, मिळाला.

पुढील रणसंग्राम काय वर्णावा! कोणते बटण कशाचे, हे बाईसाहेबांस ठाऊक नव्हते, म्हणोन सगळीच दाबिली. शिपाई दोनदा भिंतीवर आदळला आणि सातही औषधे एकदम प्याला, आणि राक्षस कसा मेला हे राक्षसासही उमगले नाही. बाईसाहेब मात्र त्यास डावपेच म्हणतात. मग नातीस फोन लावून, मोहीम पुन्हा बुडू नये म्हणोन, 'सेव्ह' नामक बंदोबस्त केला आणि चिठ्ठी लिहिली: 'राक्षस मेला.'

सकाळी सातला सोनबांनी ती वाचिली, यंत्र पाहिले आणि महिन्याभराने तोंड उघडिले.

"औषधं कुठायत?"

"पिला त्यो."

"सातच्या सात? आगं, फर्स्ट शिफ्टनं जपून ठिवायचं आन् सेकंड शिफ्टनं उधळायचं! पस्तीस वर्सं ह्येच बघत आलोय मी!"

आणि अर्धा तास तोफखाना थांबला नाही. सोजराबाईसाहेब सेफ्टी शूजसकट मान खाली घालून उभ्या राहिल्या, मध्ये एकदा "अजून बोला की" ऐसे म्हणाल्या, आणि त्याच जागी फत्ते जाहली.