पळता येईल अशी नऊवारी

गंगापूर रोडच्या एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये तुम्ही सकाळी लवकर गेलात, आणि नथ, मुंडावळ्या, शेला असा सगळा साज चढवलेली नवरी वरच्या मजल्यावरच्या बोळातून सुसाट पळताना दिसली, तर घाबरू नका. पोलिसांना तर मुळीच बोलावू नका. तिच्या मागे साठी उलटलेली, नऊवारीतली एक बुटकी बाई धावत असेल आणि तोंडात पिना असूनही ओरडत असेल, "अजून जोरात! पाय टाक की लांब! देवळातली मूर्ती हायस का तू?"

त्या आमच्या इंदूताई. सिडकोत माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. धंदा नवरी सजवण्याचा, पण 'मेकअप आर्टिस्ट' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मी नवरी नेसवते," एवढंच सांगतात. मूळच्या निफाडकडच्या. इतकी वर्षं शहरात काढली तरी त्यांची 'हाय' काही 'आहे' झाली नाही, आणि ती व्हावी असं त्यांना कधी वाटलंही नाही.

मी महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाले. माझा आवाज अजून झालेला नाही. घरी बसून नवऱ्यावर ओरडण्यापेक्षा बरं, म्हणून मी इंदूताईंच्या पिना धरायला जाते. जाते कसली, बघायला जाते. असला तमाशा फुकट बघायला मिळत असेल तर कोण सोडेल?

तर हे पळणं. इंदूताईंनी नेसवलेल्या प्रत्येक नवरीला त्यांची परीक्षा द्यावीच लागते. आधी बोळातून पळायचं, मग खाली मांडी घालून बसायचं, मग कशालाही न धरता उठायचं. काष्टा हलला की साडी सोडून पुन्हा पहिल्यापासून. नवरीची आई रडकुंडीला येते, फोटोग्राफर घड्याळ दाखवतो, पण इंदूताईंचं ठरलेलं उत्तर तयार असतं. "साडी नेसवलीय. पोरीला बांधून नाय ठेवलेलं."

एकदा एका नवरीची आत्या शिवलेली नऊवारी घेऊन आली. म्हणाली, "ही घाला, पाच मिनिटांत होते." इंदूताईंनी ती साडी दोन बोटांत धरून वर उचलली.

"ह्याला नाडी हाय?"

"हो, आहे ना."

"मग हा लेंगा हाय. मला कशाला बोलावलं? शिंप्याला बोलवा."

दुसऱ्या एका लग्नात नवऱ्याकडची एक बाई हळूच खोलीत शिरली आणि म्हणाली, मुलगी जरा दोन शेड उजळ करा, फोटोत बरं दिसतं. इंदूताई वळल्यासुद्धा नाहीत. "माझ्याकडं पावडर हाय, बाई. डिस्टेंपर नाय. भिंत रंगवायची असंल तर पेंटर बघा." ती बाई जी बाहेर गेली ती जेवणाच्या पंगतीतच पुन्हा दिसली.

नथीची परीक्षा वेगळी. नाकापेक्षा मोती जड असला की नवरी दिवसभर तोंड मिटून बसते, हे इंदूताईंना मान्य नाही. नथ घातली की त्या म्हणतात, "नाव सांग. तुझं. मोठ्यानं." पोरी लाजत कुजबुजतात. "तुझंच नाव हाय ना? मग चोरीचं असल्यासारखं काय घेतीस?" खणखणीत नाव येईपर्यंत नथ काढायची, चाप सैल करायचा, पुन्हा घालायची. बोलल्यावर दुखली तर ती नथ इंदूताईंच्या लेखी नापास.

आणि काजळ. ते मात्र भारीतलं, पाण्याने न हलणारं. त्यात काटकसर नाही. "हसायची न रडायची मोकळीक पाहिजे पोरीला," त्या म्हणतात. "पुढं मिळंल न मिळंल."

एवढं सगळं मला कळायचं. दोन गोष्टी मात्र कळत नव्हत्या.

पहिली म्हणजे कडी. सगळी परीक्षा झाली की इंदूताई खोलीतल्या झाडून सगळ्यांना बाहेर काढायच्या. नवरीची आई, बहिणी, मैत्रिणी आणि पिना धरणारी मीसुद्धा! आतून कडी लावायच्या. थोड्या वेळाने दार उघडायचं. कुणी नवरी हसत यायची, कुणी डोळे पुसत. आत काय झालं ते एकीनेही कधी सांगितलं नाही. इंदूताईंना विचारलं की, "ते तिचं न माझं."

दुसरी म्हणजे रिक्षा. रफिकभाई हे त्यांचे ठरलेले रिक्षावाले. ते नुसते सोडून जायचे नाहीत. हॉलच्या मागच्या दाराशी, रिक्षाचं तोंड रस्त्याकडे करून बसून राहायचे. चहा दिला तर रिक्षातच प्यायचे. माळा पडल्याचा बँड वाजला की मगच उतरायचे आणि सरळ पंगतीत जाऊन बसायचे. मी कितीदा म्हटलं, "अहो इंदूताई, बिचाऱ्याला अडकवून कशाला ठेवता? मी येईन ना तुमची पेटी घेऊन." तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, बाई."

मला ह्या 'ऱ्हाऊ द्या बाई'चा भयंकर राग यायचा. शाळेत मला असं उत्तर द्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

दोन्हींचा उलगडा झाला माझ्या भाचीच्या, प्राजक्ताच्या लग्नात.

प्राजक्ता माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची मुलगी. अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. तिने नापास केलेला भाग साहेबाचा बाप आला तरी पास होत नाही. लग्न ठरवताना नवरा मुलगा रोहन आणि त्याची आई दोघंही म्हणाले होते, नोकरी खुशाल चालू ठेव. आणि हळदीच्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, विहीणबाई सगळ्या बायकांत हसत हसत म्हणाल्या, "आता अंबडची दगदग पुरे हं. रजा संपली की राजीनामा देऊन टाकायचा. आपल्याकडे काय कमी आहे?"

बायका हसल्या. रोहनने मान खाली घालून ताटलीतला शेवचिवडा निवडायला घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनंदाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. "ताई, तुझा शाळेतला आवाज इथं नको. एकदा अक्षता पडू देत." प्राजक्ता हळदीच्या अंगाने तशीच बसून राहिली. इंदूताई कोपऱ्यात तिच्यासाठी हिरव्या बांगड्या निवडत होत्या. त्यांनीही ऐकलं.

लग्नाच्या सकाळी प्राजक्ता काय दिसत होती म्हणून सांगू! जांभळी नऊवारी, हिरवा शेला, खोप्यावर चांदीची फुलं. दृष्ट काढावी अशी. पण इंदूताईंनी "पळ" म्हटलं तशी ती बोळात नुसती चालली. एक एक पाऊल मोजत.

"पळ म्हटलं ना?"

"नको ना, इंदूमावशी."

"गाठ आवळली का?"

"नाही."

"मग पाय कशानं जड झाले?"

नथ घालून नाव विचारलं, तर ओठसुद्धा हलले नाहीत. इंदूताई वळून गरजल्या, "चला, बाहेर व्हा समदे!" कडी लागली.

इकडे खाली माइकवरून गुरुजींचा पुकारा सुरू. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. मुलीच्या मामांनी..." आमचा भाऊ फेटा सावरत जिना चढून आला आणि बंद दाराकडे बघत उभा राहिला. त्याच्यामागून विहीणबाई आल्या. त्यांनी दार ठोठावलं.

"अहो, मुहूर्त टळतोय!"

आतून आवाज आला, "पंचांगात दुसरा बघा!"

मी सरळ दाराला कान लावला. त्यात लाज कसली? माझी भाची होती आत.

"पोरी," इंदूताई म्हणत होत्या, "मागचं दार उघडं हाय. खाली रफिकची रिक्षा उभी हाय. तोंड रस्त्याकडंच हाय. जायचंय का? आई-बापाला काय सांगायचं ते मी बघते. लोकांना तर मी काय पण सांगते."

म्हणजे हे! इतकी वर्षं प्रत्येक पोरीला ही बाई हे विचारत होती.

मग प्राजक्ताचा आवाज. "पळायचं नाहीये मला. पण बोलायचंय."

"मग बोल की! पळायच्या हिशोबानं नेसवलीय तुला. बोलायला तर ती सहज टिकंल."

दार उघडलं. प्राजक्ता बाहेर आली आणि मामाच्या हाताकडे न बघता तरातरा जिना उतरली. ढांगा टाकत. एक निरी हलली नाही. मांडवात रोहन पाटावर उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"रोहन, रजा संपली की मी कामावर जाणार. आपलं तसं ठरलंय. काल तू चिवडा निवडत होतास. आज सगळ्यांसमोर बोल, नाहीतर अंतरपाट धरू नका."

गुरुजींच्या हातातला माइक चालूच होता. ते सगळं शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. विहीणबाई पुढे झाल्या, "अगं, ही काय वेळ आहे का..."

रोहनच्या फेट्याखालून घामाचा ओघळ आला. त्याने आईकडे पाहिलं, मग प्राजक्ताकडे. "आई, ठरलं होतं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," प्राजक्ता म्हणाली.

"ठरलं होतं! ती नोकरी करणार!"

"बरं झालं बाई," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली. सुनंदा पदर तोंडाला लावून उभी होती. मी तिला माझ्या दंडावरचा वळ दाखवला. मग अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, माळा पडल्या, बँड वाजला. रफिकभाई रिक्षातून उतरून पंगतीकडे गेले.

मी अक्षता टाकून वरच्या खोलीत आले. इंदूताई पेटी आवरत होत्या.

"आजवर किती पळाल्या?" मी विचारलं.

"एक पण नाय."

"मग ती रिक्षा कशाला?"

त्यांनी कंगव्यातले केस काढले, गुंडाळी केली, पिशवीत टाकली. "माझ्या लग्नात गावातली एक म्हातारी आली होती नेसवायला. निऱ्या घालता घालता कानात म्हणली, पोरी, मनात नसंल तर सांग. मागं उसातनं वाट हाय. मी सोडते तुला मामाकडं."

"मग?"

"मग काय! बापाचं तोंड डोळ्यापुढं आलं. नाय म्हटलं. नवरा निघाला दारुडा. हात उचलायचा. मेला एकदाचा." इंदूताईंनी पेटीचं झाकण लावलं. "पण बाई, मार खाताना पण मला एक गोष्ट ठाऊक होती. मला एकीनं विचारलं होतं. आईनं नाय, बापानं नाय. पण एकीनं विचारलं होतं. मी माणूस हाय हे एकीला तरी दिसलं होतं. त्याच्यावर दिवस काढले मी."

इंदूताईंनी डोळे पुसले तर काजळ गालभर पसरलं. जगाच्या पोरींना भारीतलं लावणाऱ्या बाईचं स्वतःचं काजळ साधं, डबीतलं!

मी उठले आणि दाराची कडी लावली.

"इंदूताई, आता मी विचारते. जायचंय?"

"कुठं?"

"कुठंही. सोमेश्वरला जाऊ. धबधब्यापाशी कणीस खाऊ."

त्या हसल्या. हसल्या खऱ्या, पण डोळे कोरडे होईनात. "पळून जायला मागं धरणारं कुणीतरी लागतं, बाई. माझ्या घरी नुसतं कुलूप हाय."

मला इतका राग आला की काय सांगू! त्यांचा नाही. सगळ्या जगाचा.

"मी धरते," मी म्हटलं. "मी मागून येते तुम्हाला धरायला. बघू, तुमची नऊवारी टिकते का! पळा!"

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. पदर कमरेला खोचला. कडी काढली. आणि साठी उलटलेली ती बुटकी बाई बोळातून जी सुटली! मी त्यांची पेटी घेऊन मागे. गुडघे बोंबलत होते, पण आवाज माझा शाबूत होता. "अजून जोरात! पाय टाका की लांब! देवळातली मूर्ती आहात का?"

जिन्याखाली सगळी पंगत माना वळवून बघत होती. रफिकभाई जिलबी हातात घेऊन ताडकन उठले आणि मागच्या दाराकडे धावले.

"कोण पळालं, ताई? कोण पळालं?"

"मी!" इंदूताई ओरडल्या. "मी पळाले! रिक्षा काढ!"

रफिकभाईंनी जिलबी तोंडात कोंबली आणि रिक्षा काढली.