फक्कीच्या भिंती

किसनराव साळव्यांच्या परसात एक खोली होती. तिला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. जमिनीवर फक्कीच्या चार पांढऱ्या रेघा होत्या आणि एका रेघेत दाराएवढी फट सोडलेली होती. आत जायचं तर त्या फटीतूनच जावं लागे. आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा मी गप्पा मारायला म्हणून कुंपण ओलांडून सरळ त्यांच्या खुर्चीकडे निघालो, तर ते हात वर करून म्हणाले, "तिथून नको, तिथं भिंत आहे." मला वाटलं, गंमत करतायत. गृहस्थ गंभीर होते. मी वळसा घालून दारातून आलो. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन चपला काढल्या आणि पुन्हा आत आलो.

किसनराव पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. पुढ्यात आलेला नग गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही तर बाद. ही सवय गेटवर ठेवून घरी यायचं त्यांना कधी जमलं नाही. "मापात आहे का?" हा त्यांचा लाडका प्रश्न. तो ते भाकरीबद्दल विचारत, मुलीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल विचारत. एकदा आमच्या हिने पाठवलेल्या करंज्यांबद्दल विचारला, तेव्हापासून ही त्यांना करंज्या पाठवत नाही. माणूस उंच, त्यामुळे फक्कीच्या दारातून जातानासुद्धा मान किंचित वाकवायचे. पावसाने रेघा धुऊन नेल्या की येत्या रविवारी दोरी आणि काटकोन धरायचा गुण्या घेऊन पुन्हा आखायचे. साळवेवहिनी बिचाऱ्या धुणं वाळत घालायलाही दारातून जात.

ही खोली आबांसाठी होती. आबा म्हणजे किसनरावांचे वडील. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातला हा म्हातारा थोडे दिवस दापोडीला लेकीकडे आणि थोडे दिवस इकडे असा राहायचा. आला की वळकटी भिंतीशी ठेवून तिच्यावरच बसायचा. ती सोडायची मात्र नाही. झोपायला वहिनींकडून सतरंजी मागून घ्यायची आणि दोन-चार दिवसांत "निघतू आता" म्हणत वळकटी काखेत मारून एसटी पकडायची. त्याने कायमचं आपल्याकडे राहावं, एवढीच किसनरावांची इच्छा. त्यावर आबांची अट एकच होती. खोली बांध, पण कागद करून बांध, मग येईन.

आता आमच्या सोसायटीत बांधकामाची एक पद्धत होती आणि ती सगळ्यांना मान्य होती. रविवारला जोडून सुट्ट्या आल्या की दारात वाळू पडायची. पालिकेची कचेरी बंद होताना पहिली वीट आणि कचेरी उघडेपर्यंत गिलावा. खरं कौशल्य त्यापुढचं, नवी भिंत जुनी करण्याचं. आमचा मिस्त्री चहाच्या पाण्यात गेरू कालवून भिंतीला फासायचा, ओल्या गोवऱ्यांचा धूर द्यायचा आणि वर मागच्या सालचं कॅलेंडर लटकवायचा. माझं मागचं स्वयंपाकघर असंच एका दिवाळीत जन्मलं आणि जन्मतःच म्हातारं झालं. हा मिस्त्री मी किसनरावांना सुचवला, तर ते म्हणाले, "नको, मापात बसत नाही."

त्यांनी रीतसर अर्ज केला. नकाशात उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून तो परत आला. दिशा दाखवली, तर परसातला शेवगा दाखवला नाही म्हणून परत आला. शेवगा दाखवला, तर झाडाच्या जागी खोली कशी, म्हणून परत आला. किसनरावांनी झाड तोडायची परवानगी मागितली. तो अर्ज झाडांच्या खात्याकडे गेला आणि ते खातं अजून निघायचं होतं. तोवर एका वादळात शेवगा आपणहून पडला. त्यावर कचेरीने विचारलं की झाड कोणाच्या परवानगीने पडलं. मी संतापलो की किसनरावच मला शांत करायचे. नग बाद करणं हे तपासणाऱ्याचं कामच आहे, असं म्हणून ते नवा नकाशा काढायला बसायचे.

अखेर ओव्हरशियरसाहेब जागा पाहायला आले. किसनरावांनी त्यांनाही दारातून आत घेतलं, बूट काढायला लावले, चहा पाजला. साहेबांनी रेघांवर टेप धरून पाहिली आणि मान डोलावली. जाता जाता माझ्या धुरकट स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले की पूर्वी कामं कशी भक्कम व्हायची. ही अख्खी वसाहत आपल्याच डोळ्यांदेखत माळावर उभी राहिली, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. पुढच्या आठवड्यात किसनरावांना नोटीस आली. मंजुरीआधी खोलीची आखणी केली म्हणजे बांधकाम सुरू केलं, सबब ते पाडण्यात येईल. सबंध सोसायटीत बेकायदा बांधकाम सापडलं ते हे एवढंच.

पथक आलं तेव्हा आबा खोलीत, म्हणजे रेघांच्या आत, वळकटीवर बसून तंबाखू मळत होते. ट्रकमधून टिकाव, पहारी, घमेली घेऊन माणसं उतरली. सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्या भिंतींच्या खिडक्या पटापट लागल्या. मुकादमाने कागद पाहिला, जमीन पाहिली, पुन्हा कागद पाहिला. मग त्याने वहिनींकडे केरसुणी मागितली.

मी कुंपणाशी उभा राहून हसत होतो, पण आबांकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं. टिकाव दिसताक्षणी म्हातारा उठला होता. काही विचारणं नाही, वाद नाही. वळकटी काखेत मारून तो फक्कीच्या दारातून बाहेर आला आणि रस्त्याला लागला. किसनराव त्याच्यामागे धावले. आमच्याशी छापील मराठी बोलणारा हा माणूस वडिलांचा हात धरून म्हणत होता, "आबा, थांबा. हितं पाडायला कायबी न्हाई." आबा ऐकत नव्हते. महत्प्रयासाने त्यांना परत आणून पुढच्या पायरीवर बसवलं.

रेघा झाडल्या जात असताना किसनराव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "आमचं गावचं घर असंच गेलं," ते म्हणाले. "आजोबांपासून राहत होतो, पण जमीन गायरानाची. रस्ता रुंद करायला निघाले तेव्हा आमच्या वस्तीत येऊन कागद मागितला. कागद कुठला असायला? आबा जेवत होते, त्यांना ताटावरून उठवलं. तेव्हा बांधलेली वळकटी त्यांनी अजून सोडलेली नाही. नुसती खोली काय, मीही दिवाळीत बांधली असती हो." इतकी वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली, त्याच्याकडे मला वर बघवेना.

मुकादमाने पंचनामा केला. भिंती चार पाडल्या, राडारोडा निरंक. पंच म्हणून माझी सही घेतली आणि ट्रक निघून गेला.

पुढे यथावकाश मंजुरी आली, विटांची खोलीही झाली. पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. परस झाडून लख्ख झालं होतं, रेघेचा मागमूस नव्हता. किसनराव कुंपणाला टेकून त्या मोकळ्या जमिनीकडे बघत होते. आबा पायरीवरून उठले. मला वाटलं, आता एसटी गाठणार. पण ते वळकटी घेऊन परसात आले, जिथे भिंत होती तिथून वळसा घालून दाराच्या जागी आले, वहाणा काढल्या आणि आत जाऊन बसले. मग वळकटीची गाठ सोडू लागले. सुंभ जुनं, गाठ घट्ट बसलेली. किसनराव मदतीला पुढे झाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"आबा, मंजुरी अजून आली न्हाई," किसनराव म्हणाले.

"ती माणसं पाडून गेली नव्हं?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मग? पाडली तरी हाय की हितंच." गाठ सुटली. आबांनी घोंगडी झटकून जमिनीवर अंथरली आणि तिच्यावरून हात फिरवला. "आता तू बांधशील तवा बांध. मी काय जात न्हाई."

दाराच्या जागेपाशी किसनरावांनी चपला काढल्या, मान किंचित वाकवली आणि आत गेले.